जोडीचं दुसरं नाव

आमच्या शिक्षक संघटनेच्या घटनेत एक कलम होतं. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांनी जोडीनंच उभं राहायचं. मतपत्रिकेवर दोघांची नावं एकाखाली एक आणि समोर एकच चौकोन. शिक्का मारला की दोघांना मिळून एक मत. पूर्वी कधीतरी अध्यक्ष एका गटाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्या गटाचा निवडून आला होता, आणि तीन वर्षं दोघांनी एकमेकांच्या सभा उधळण्यापलीकडं काही केलं नव्हतं. तेव्हापासून ही जोडीची पद्धत पडली. वरच्या नावानं स्वतः उभं राहायचं आणि खालचं नाव त्यानं निवडायचं.

दोन हजार साली वरचं नाव माझं होतं. खालचं नाव मी कसं निवडलं, ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. बायकोला थोडं ठाऊक आहे. सगळं तिलाही नाही.

मी मूळचा कुरुंदवाडजवळच्या एका खेड्यातला. घरी शेती, आम्ही जैन. शिकून कोल्हापुरात आलो आणि शाहूपुरीतल्या एका हायस्कूलमध्ये इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायला लागलो. मला बोलता यायचं. वर्गात येत होतं, सभेतही यायला लागलं, आणि बोलता येतं म्हणून लोकांनी संघटनेत ओढलं. मोर्चा असला की शेवटचं भाषण माझं. समता, न्याय, या मातीचा वारसा हे शब्द माझ्या तोंडात सहज असायचे.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या शाळेत एक गणिताच्या बाई दुसऱ्या शाळेतून बदलून आल्या, वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म स्वीकारलेला. वडील शेतमजूर होते. त्यांच्या वस्तीत बी.एस्सी. झालेली ही पहिलीच मुलगी. हे त्या कुणी विचारलं तर सांगायच्या, एरवी विषय काढायच्या नाहीत. उंच, किरकोळ बांध्याच्या, चालण्यात घाई. फळ्यावर लिहिताना अक्षर छापल्यासारखं.

त्यांना नियमांची आवड होती. शासनाचा एखादा आदेश आला की आम्ही वरवर चाळून ठेवून द्यायचो. बाई तो घरी न्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी सांगायच्या, यातल्या चौथ्या परिच्छेदामुळं अमक्याचं काम होतंय. एका खेड्यातल्या चित्रकलेच्या शिक्षकाला तुकडी कमी झाली म्हणून अतिरिक्त ठरवून घरी बसवलं होतं. त्याच्याहून मागून लागलेला माणूस नोकरीत होता. तो गडी रडकुंडीला येऊन आमच्या स्टाफरूममध्ये बसला. बाईंनी त्याचे कागद मागवले, तारखा लावल्या, तीन पानांचा अर्ज लिहिला. शिक्षणाधिकाऱ्यांपुढच्या सुनावणीत मी उभा राहून तो अर्ज बोलून दाखवला. माणूस कामावर परत आला. त्यानं शाळेत पेढे आणले आणि पहिला पेढा मला दिला. मी तो घेतला.

असं सात-आठ वर्षं चाललं. बाई लिहायच्या, मी बोलायचो. जिल्ह्यात नाव झालं ते माझं.

जुन्या अध्यक्षांनी आता थांबतो म्हटल्यावर माझं नाव पुढं आलं. तेव्हा पहिल्यांदा मी बाईंनाच विचारलं. एका सुनावणीहून परत येताना आम्ही रस्त्याकडेच्या गाड्यावर चहा पीत उभे होतो.

"उभं राहू का?" मी म्हटलं.

"राहा की. तुम्ही न्हाई तर कोण?"

"तुम्ही जोडीला असाल तर राहतो."

त्यांनी कप खाली ठेवला. दोन दिवस घेतले. घरी मिस्टरांना विचारलं असावं. मग मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "चालंल. पण शोभेला उभं करू नका. काम करायचं असंल तर येते."

मी म्हटलं, "म्हणून तर तुम्हाला विचारलं."

त्या वर्षी अमेरिकेतही अध्यक्षाची निवडणूक होती. पावसाळ्यात एका रविवारच्या पुरवणीत लेख आला होता, तिथले उमेदवार आपला उपाध्यक्षपदाचा जोडीदार कसा निवडतात यावर. उमेदवार एका भागातला असेल तर जोडीदार दुसऱ्या भागातला बघायचा. उमेदवार तरुण असेल तर जोडीला अनुभवी माणूस घ्यायचा. आपल्याकडं जी मतं नाहीत ती आणणारा पाहिजे. लेख मी वर्गात वाचून दाखवायला आणला होता. बाईंनी तो स्टाफरूममध्ये वाचला आणि हसल्या.

"म्हणजे आपली जोडी त्यांच्या नियमात बसतीया," त्या म्हणाल्या. "तुम्ही जैन, मी बौद्ध. तुम्ही पुरुष, मी बाई. तुम्हाला आकडे येत न्हाईत, मला भाषण येत न्हाई."

सगळी स्टाफरूम हसली. मीही हसलो. त्या दिवशी मला खरंच वाटलं होतं की आमच्यासारखी जोडी जिल्ह्यात दुसरी नाही.

दसरा झाल्यावरच्या रविवारी जुन्या अध्यक्षांनी त्यांच्या मळ्यातल्या घरी दुपारी आम्हा सात-आठ जणांना बोलावलं. बाईंना निरोप नव्हता. तो नाही हे मला जायच्या आधी कळलं होतं. मी का म्हणून विचारलं नाही. मटणाचं जेवण होतं. माझ्यासाठी वेगळं पिठलं केलेलं, वाढतानाही आधी मला वाढलं. जेवणं झाल्यावर शाळांची यादी काढली आणि तालुक्यामागून तालुका कुठली शाळा कुणाची याच्या खुणा सुरू झाल्या. शहर, शिरोळ, हातकणंगले ठीक होतं. आजरा, चंदगड, गडहिंग्लजच्या बाजूला मात्र प्रश्नचिन्हं पडत गेली.

जुने अध्यक्ष मला म्हणाले, "जोडीला कोण घेतायसा?"

मी बाईंचं नाव सांगितलं.

त्यांनी यादी बाजूला ठेवली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बघा सर, मला काय न्हाय. त्या माझ्या घरी येऊन जेवल्यात. पण तुम्ही आधीच थोडक्या समाजातलं. त्यात जोडीला बाई. आणि बाई तरी कोण, ते तुम्हाला म्हाईत हाय. डोंगरी भागातली मास्तर मंडळी शिक्का मारतील का? तोंडावर व्हय म्हणतील आणि आत जाऊन दुसरीकडं मारतील."

सगळे माझ्याकडं बघत होते. त्या क्षणी मला बोलायला काही जड नव्हतं. मी आयुष्यभर बोलतच आलो होतो. जे बोलायला पाहिजे होतं ते मी भर चौकात माईकवर दहा वेळा बोललेलो होतो. तिथं त्या घराच्या पुढच्या सोप्यात, सात-आठ ओळखीच्या माणसांपुढं, मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं."

हे तीन शब्द मी बायकोला कधी सांगितले नाहीत.

त्यांनी मग आजऱ्याच्या एका हेडसरांचं नाव काढलं. शांत माणूस, तीन तालुक्यांत पाहुणे, विद्यार्थी सगळीकडं शिक्षक झालेले. मला घरी येताना तो पुरवणीतला लेख आठवला. आपल्याकडं नसलेली मतं आणणारा जोडीदार. अमेरिकेतसुद्धा असंच करतात, मी स्वतःला सांगितलं. यात कुणाचा अपमान नाही, हा हिशेब आहे. मतांचा हिशेब म्हटलं की आपली लाज झाकता येते हे मला त्या दिवशी समजलं. आणि आणखी एक गोष्ट होती, ती मी स्वतःलासुद्धा फार उशिरा कबूल केली. बाई शेजारी बसल्या असत्या तर लोकांना दिसलं असतं की काम त्या करतात. हेडसर आजऱ्याला राहणार होते. त्यांच्या शेजारी मी मोठा दिसणार होतो.

पुढच्या रविवारी उत्तूरमार्गे जाणाऱ्या एस.टी.नं मी आजऱ्याला गेलो. स्टँडवर एका पानवाल्याला घर विचारलं तर तो म्हणाला, "कुठलं पावणं? हेडसरांच्याकडं व्हय? चला, दावतो," आणि दुकान तसंच टाकून घरापर्यंत आला. यावरून त्या माणसाची गावातली किंमत कळली.

हेडसर पन्नाशीचे, अंगात बंडी, अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घातलेल्या त्या गोळा करत होते. हात धुऊन माझ्यासमोर बसले. मी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"तुमच्या शाळंतल्या बाईंना विचारलं काय?"

मी समोरच्या शेंगांकडं बघितलं. तेच पुढं म्हणाले,

"न्हाई, आमच्या भागातल्या तीन माणसांची कामं त्यांनी केल्यात. मी त्यांना एकदाच भेटलोय. पण त्या असताना मला कशाला घेताय? लोक म्हणतील, ह्या म्हाताऱ्याला काय कळतंय."

त्या वेळीही वाट मोकळी होती. हेडसरांनीच ती करून दिली होती. मी म्हटलं, "विचारलं की. त्यांची इच्छा नाही. घरची जबाबदारी आहे म्हणाल्या. त्यांनीच तुमचं नाव सुचवलं."

शेवटचं वाक्य माझं मलाही नवीन होतं. ते तोंडातून आपोआप आलं, आणि तेच कामाला आलं. हेडसरांचा चेहरा एकदम मऊ झाला. "त्यांनी सुचवलं?" ते म्हणाले. "मग न्हाई कसं म्हणू?"

निघताना त्यांनी घनसाळ तांदळाची पिशवी हातात दिली. घरी आल्यावर बायकोनं तो भात केला. सगळं घर वासानं भरलं. वाढता वाढता ती म्हणाली, "हेडसरांनी दिलाय म्हणता. त्यांच्याकडं कशाला गेलता?"

बाई आणि माझी बायको एकमेकींना चांगल्या ओळखत होत्या. आमची मुलगी दहावीला असताना बाईंनी वर्षभर आमच्या घरी येऊन तिचं गणित घेतलं होतं. मी बायकोला हेडसरांचं ठरल्याचं सांगितलं, आणि त्यांना काय सांगून आणलं तेही.

"आणि बाईंना?"

"सांगतो."

"कधी?"

"दिवाळीची सुट्टी लागतीय. सुट्टीनंतर सांगतो."

तिनं तो भात स्वतःच्या ताटात घेतला नाही.

सुट्टी संपली. शाळा सुरू झाली. बाई रोज समोर होत्या. मी रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी आडवं यायचं. खरं तर काहीच आडवं येत नव्हतं. त्या मला एकदा म्हणाल्या, "सर, पत्रकाचं बघायला पायजे की." मी म्हटलं, "बघतोय, घाई नाही." त्याच दिवशी संध्याकाळी मी स्वतः छापखान्यात जाऊन मजकूर देऊन आलो आणि मालकांना बजावलं की प्रूफ मीच बघीन.

आमच्या संघटनेची सगळी पत्रकं त्याच छापखान्यात व्हायची आणि प्रूफ कायम बाई बघायच्या. दोन दिवसांनी मी गेलो तर मालकांनी छापून तयार गठ्ठा समोर ठेवला.

"प्रूफ?" मी म्हटलं.

"बाईंनी बघितलं की. त्या शाळंच्या प्रश्नपत्रिका द्यायला आलत्या, म्हटलं हे पण बघून टाका. तुमच्या शुद्धलेखनावर ठेवलं असतं तर झालं होतं कल्याण."

त्यांनी मला तो कागद दाखवला. लाल शाईनं, त्याच छापल्यासारख्या अक्षरात, सात दुरुस्त्या होत्या. मी 'उपाध्यक्षपदाचे' मधला काना खाल्ला होता, तो दिला होता. हेडसरांच्या नावातली वेलांटी मी चुकवली होती, ती पहिलीची दुसरी केली होती. एका ठिकाणी वाक्य अर्धवट होतं ते पुरं केलं होतं. खाली नेहमीसारखी सही आणि 'छापण्यास हरकत नाही'. बाकी एक अक्षर नव्हतं.

मी तो गठ्ठा स्कूटरवर पायापाशी ठेवला आणि बराच वेळ किक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाई तास घेत होत्या. मधल्या सुट्टीत सगळ्यांबरोबर डबा खाल्ला, कुणाला तरी लोणचं दिलं. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "बाई, ते पत्रकाचं…"

"नंतर बोलू सर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. घंटा झाली होती आणि त्यांना वर्गावर जायचं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटलं याची मला नंतर जास्त लाज वाटली.

नंतर आम्ही बोललो नाही. प्रचार सुरू झाला. बाई प्रचाराला आल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, परीक्षेचं काम आहे.

मतदानाच्या आधीच्या रविवारी शहरात शेवटची सभा झाली. एका शाळेचं सभागृह भरलं होतं. बाई आल्या होत्या. सभासद म्हणून येणारच. मधल्या रांगेत आमच्या शाळेच्या इतर शिक्षिकांबरोबर बसल्या होत्या. मी भाषण केलं. चांगलं झालं. टाळ्या पडल्या. मग हेडसर उठले. त्यांना भाषणाची सवय नव्हती. हातात कागद होता, तो न बघताच त्यांनी खिशात घातला.

"मला काय बोलता येत न्हाई," ते म्हणाले. "एकच सांगतो. ह्या जागेवर खरं तर मी नको होतो. ही जागा ज्यांची, त्या बाई हितं बसल्यात. त्यांनी घरच्या अडचणीपायी माघार घेतली आणि माझ्यासारख्याचं नाव पुढं केलं. एवढं मोठं मन मी आमच्या ह्या धंद्यात बघितलं न्हाई. मी त्यांना हात जोडतो."

आणि त्यांनी स्टेजवरून खरंच हात जोडले. सगळं सभागृह वळून बाईंकडं बघायला लागलं. टाळ्या सुरू झाल्या. शेजारच्या शिक्षिकेनं त्यांना कोपरानं ढोसलं, उठा म्हणून.

बाई उठल्या. हेडसरांकडं बघून त्यांनी नमस्कार केला. मग एकदाच माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, प्यायलो नाही, नुसता धरून बसलो. मला उठता येत होतं. माईक माझ्यापासून दोन हातांवर होता. हेडसरांची काही चूक नाही, बाईंनी माघार घेतलेली नाही, मी त्यांना विचारलंच नाही, एवढंच बोलायचं होतं. मी टाळ्या वाजवल्या. ग्लास खाली ठेवून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

सोमवारी शाळा सुटल्यावर त्या सायकल स्टँडपाशी थांबल्या होत्या. माझ्यासाठीच.

"सर, मी न्हाई म्हटलं, ते कधी म्हटलं?" त्यांनी विचारलं.

मी आजऱ्याच्या बाजूची मतं, तालुके, जुने अध्यक्ष असं काहीतरी सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. गणित चुकलेल्या पोराचं उत्तर त्या शेवटपर्यंत ऐकायच्या, तसं.

"ते कळलं मला," त्या म्हणाल्या. "मतं लागतात. मला गणित येतंय. तुम्ही येऊन सांगितलं असतं की बाई, तुम्हाला घेतलं तर पडतोय, तर मी स्वतः न्हाई म्हटलं असतं. मग ते खोटं तरी झालं नसतं."

"कालच तुम्ही सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं," मी म्हटलं. हे मी का म्हटलं मला माहीत नाही. जणू चूक त्यांची होती.

"ते तुमच्यासाठी गप्प बसले न्हाई मी. हेडसर चांगला माणूस हाय. त्यांनी एवढ्या लोकांत हात जोडले. मी बोलले असते तर त्यांना मान खाली घालायला लागली असती." मग सायकलचं कुलूप काढत त्या म्हणाल्या, "आणि मला घरची अडचण न्हाई सर. माझ्या मिस्टरांनी तुमच्या निवडणुकीसाठी रजा टाकली होती. पोरांच्याकडं बघायला."

त्या सायकल घेऊन गेल्या.

आम्ही निवडून आलो. चांगल्या फरकानं आलो. मतमोजणी तालुकावार पेट्यांची होती, म्हणून सगळं स्वच्छ दिसलं. आजरा-चंदगडच्या पेट्यांत जेवढी मतं धरली होती त्याच्या निम्मीही पडली नव्हती. हेडसरांना मानणाऱ्यांनीही आपापल्या संस्थेतल्या माणसाकडं बघून समोरच्या जोडीला मतं दिली होती. ती सगळी वजा केली तरी आम्ही येत होतो. शहरातल्या आणि शिरोळच्या पेट्यांनी आम्हाला तारलं होतं, आणि तिथं बाईंनी ज्यांची कामं केली होती ते शिक्षक शाळेगणिक एक होते. म्हणजे बाईंना घेऊनही मी निवडून आलो असतो. डोंगरी भागातली मंडळी काय करतील याचा जो बाऊ मळ्यातल्या त्या जेवणात झाला, तो तिथल्या मंडळींचा नव्हताच. तो त्या सोप्यात बसलेल्या आम्हा सात-आठ जणांच्या मनातला होता. हार घालून घेताना मला हे कळलेलं होतं.

हेडसर दर महिन्याच्या बैठकीला आजऱ्याहून यायचे. बैठकीआधी दुपारचं जेवण माझ्याकडं. वर्ष उलटून गेल्यावर एकदा असेच ते जेवत होते आणि बाईंचा विषय निघाला. "त्यांनी त्या वेळी मन मोठं केलं," ते पुन्हा म्हणाले.

माझी बायको आमटी वाढत होती. ती म्हणाली, "बाईंनी माघार घेतली नव्हती, दादा. यांनी त्यांना विचारलंच नव्हतं."

हेडसरांनी माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं बघत होतो. त्यांनी जेवण चालू ठेवलं. ताटातलं सगळं संपवलं, ती बाईमाणूस रांधून वाढतीय म्हणून. हात धुतले. बाहेरच्या खोलीत येऊन टोपी डोक्यावर ठेवता ठेवता म्हणाले, "सर, मी आज राजीनामा देतो. कारण प्रकृती लिहितो. तुमचं नाव कुठं घेत न्हाई. पण माझ्या हातानं त्या बाईंचा तुम्ही अपमान करून घेतला. हे बरं केलं न्हाई."

मी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. ते दारातून वळून म्हणाले, "मला आजऱ्याला येऊन खरं सांगितलं असतं तर मी तुम्हाला घेऊन बाईंच्याकडं गेलो असतो. तेवढंच करायचं होतं."

त्या दिवशीच्या बैठकीत त्यांनी राजीनामा दिला आणि रिकाम्या जागी बाईंना घ्यावं असं सुचवलं. ठराव झाला. बाईंना पत्र गेलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं: 'आपण माझा विचार केलात, आभारी आहे. मला हे पद नको आहे.' पत्र मीच वाचून दाखवलं. जुने अध्यक्ष म्हणाले, "बघा, त्यांनाच नको होतं," आणि मंडळी पुढच्या विषयाकडं वळली. मीही वळलो.

मी आणखी दोनदा अध्यक्ष झालो. जोडीला कोण कोण होते ते आता मला पटकन आठवतही नाही. लोकांची कामं असली की ते संघटनेच्या कार्यालयात यायचे, आणि मग हळूच आमच्या शाळेत जाऊन बाईंना भेटायचे. बाई कागद लावून द्यायच्या. माझ्याशी बोलणं बंद केलं नव्हतं त्यांनी. वेळापत्रक, परीक्षा, सुट्ट्या, सगळं बोलायच्या. आमच्या मुलीच्या लग्नाला आल्या आणि शेवटपर्यंत थांबल्या. फक्त मी सुनावणीला निघालो की पूर्वी बरोबर यायच्या, त्या यायच्या बंद झाल्या.

बाई निवृत्त झाल्या तो कार्यक्रम शाळेत झाला. अध्यक्ष म्हणून मला बोलायला सांगितलं. मी आदल्या आठवड्यात चार ओळी लिहून ठेवल्या होत्या आणि त्या पाठ केल्या होत्या. उभा राहिलो. समोर त्यांचे मिस्टर, मुलगा, सून, वस्तीतल्या बायका बसल्या होत्या. मी त्यांच्या अक्षराबद्दल बोललो, नियमांच्या अभ्यासाबद्दल बोललो, त्यांनी किती जणांचे संसार सावरले ते बोललो. लोकांचे डोळे भरून आले. त्या चार ओळी मी बोललो नाही. असल्या दिवशी कशाला, असं मला वाटलं. मला नेहमी काहीतरी वाटायचं.

मी स्वतः निवृत्त झाल्यावर, एका सकाळी, त्यांच्या घरी गेलो. बाई पुढच्या खोलीत चटईवर कागद पसरून बसल्या होत्या. केस पुष्कळ पांढरे झाले होते. मला बघून उठल्या, खुर्ची दिली. मी बसलो आणि सगळं सांगितलं. मळ्यातलं जेवण, जुने अध्यक्ष काय म्हणाले, मी काय म्हटलं. 'बरोबर आहे तुमचं' हे शब्दसुद्धा सांगितले. आजऱ्यात काय बोललो ते सांगितलं. शेजारी त्या असल्या तर मी लहान दिसेन अशी भीती होती, हेही सांगितलं. माफ करा म्हटलं.

त्या ऐकत होत्या. चष्मा काढून पदरानं पुसला.

"त्यांनी काय म्हटलं असंल ते मला त्या वेळीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "असं म्हणणारी माणसं मी लहानपणापासून बघत आले. त्याचं मला फार काय वाटलं न्हाई. तुम्ही व्हय म्हटलं असंल, असं मात्र वाटलं नव्हतं. मला वाटलेलं, तुम्ही भांडला असाल आणि हरला असाल. इतकी वर्षं मी तेच धरून होते."

त्यांनी चष्मा परत डोळ्यावर चढवला.

"सर, हे तुम्ही त्या सभेत उठून बोलला असता तर त्याचा उपयोग होता. आता हे घेऊन मी काय करू?"

आतून सुनेनं चहा आणला. आम्ही चहा घेतला. त्यांनी माझ्या बायकोची चौकशी केली, मुलीला मूलबाळ काय ते विचारलं. मी निघायला उठलो तेव्हा त्यांनी चटईवरचे कागद गोळा करून एका पाकिटात घातले. एका शाळेतला शिपाई वारला होता, त्याच्या बायकोच्या पेन्शनचा अर्ज होता. तिला सह्या कुठं करायच्या ते कळत नव्हतं, म्हणून बाईंनी सगळं भरून दिलं होतं.

"तुम्ही त्या बाजूनं जाणार असाल तर हे शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात देता काय?" त्या म्हणाल्या. "आणि आवक शिक्का मारून घ्या. प्रत मला परत आणून द्या."

मी पाकीट घेतलं. कार्यालयात रांग होती. तासभर उभा राहिलो, अर्ज दिला, प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. परत त्यांच्या घरी गेलो तर दार सुनेनं उघडलं, त्या बाजारला गेल्या होत्या. सुनेच्या हातात ती प्रत दिली आणि घरी आलो.